हिशेब देता येईल असा कारभार: ख्रिस्ती घरासाठी आणि मंडळीसाठी एक मार्गदर्शक

मराठीत ‘कारभारी’ हा मोठ्या मानाचा शब्द आहे. पेशवाईत कारभाऱ्याच्या शब्दावर राज्य हालत असे, आणि खेड्यात आजही घरधनिणीच्या तोंडी ‘आमचे कारभारी’ म्हणजे घराचा धनीच असतो. त्यामुळे पवित्र शास्त्रातल्या कारभाऱ्याविषयी वाचताना आपल्या डोळ्यांसमोर नकळत मालकच उभा राहतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत त्या जागी ‘ओइकोनोमोस’ हा शब्द आहे. हा घराची व्यवस्था पाहणारा, पुष्कळदा स्वतः दास असलेला माणूस. कोठाराच्या किल्ल्या आणि चाकरांचा शिधा त्याच्या हाती असे, मात्र घरातले एक भांडेही त्याच्या मालकीचे नसे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल अशा कारभाऱ्याकडून एकच अपेक्षा ठेवतो, आणि ती विश्वासूपणाची आहे. हुशारीचा किंवा वक्तृत्वाचा तिथे उल्लेखही नाही.

मी एका लहान मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, बारा वर्षे खजिनदार होतो, आणि त्या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. विश्वासूपणा माणसाच्या चेहऱ्यावरून किंवा प्रार्थनेतल्या शब्दांवरून कळत नाही; त्याच्या हातातले काम कोणत्याही दिवशी मोजून दाखवता येते का, यावरून तो कळतो. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात मालक कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो, आणि मागणी झाल्यावर नव्याने वही लिहायला अवधी उरत नाही. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांना मी एकच कसोटी लावली आहे: उद्या सकाळी मी अंथरुणाला खिळलो, तर माझ्याकडची जबाबदारी मला काही न विचारता दुसऱ्याला पुढे नेता येईल का?

पहिली पायरी: हाती काय सोपवले आहे, ते लिहून काढणे

एखाद्या रविवारी दुपारी अर्धा तास काढून साध्या वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात सोपवलेली गोष्ट, दुसऱ्यात ती मुळात कोणाची आहे, आणि तिसऱ्यात तिच्याविषयी आपण कोणाला उत्तर देणे लागतो, हे लिहावे. पगार, आईची रक्तदाबाची औषधे, भावासोबत सामाईक असलेली विहिरीवरची मोटर, गावाला गेलेल्या शेजाऱ्यांनी ठेवायला दिलेली घराची किल्ली, शब्बाथशाळेचा वर्ग, मंडळीकडून लग्नासाठी आणलेली आणि अजून माळ्यावरच पडून असलेली पातेली, असे सगळे त्यात यावे. स्वतःचे शरीर आणि झोपही त्यात यावी, कारण ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने प्रकृतीची हेळसांड करणे हाही गैरकारभारच होय.

दुसऱ्या रकान्यात सर्व काही परमेश्वराचे आहे असे लिहिणे खरेच आहे. चोविसाव्या स्तोत्राची सुरुवातच तशी आहे. तिसऱ्या रकान्यात मात्र देवाच्या नावासोबत एका तरी माणसाचे नाव हवे. ‘मी देवाला उत्तर देईन’ एवढ्यावर जो थांबतो, तो बहुतेक वेळा माणसांना उत्तर देणे टाळत असतो. हे मी कठोरपणे लिहितो आहे, पण अनुभवाने लिहितो आहे.

यादी लांबली तर घाबरू नये, पण तिच्याकडे प्रामाणिकपणे पाहावे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दृष्टांतात धनी आपल्या दासांना ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे पाच, दोन आणि एक अशी रक्कम वाटून देतो. मूळ भाषेतल्या त्या एका ‘तालांता’ची किंमत मजुराच्या साधारण वीस वर्षांच्या मजुरीइतकी होती, म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले त्यालाही थोडके मिळाले नव्हते. त्याला दोष लागला तो रक्कम पुरून ठेवल्याबद्दल. आपल्या मंडळ्यांमध्ये याच्या उलट दोषही फार दिसतो: एकच माणूस चिटणीस, तरुण संघाचा सल्लागार, गायनमंडळाचा प्रमुख आणि सोसायटीचा संचालक असतो, आणि चारही ठिकाणची कामे अर्धवट राहतात. जे पेलवत नाही ते योग्य माणसाच्या हाती मानाने परत देणे, हेही विश्वासूपणाचेच काम आहे.

दुसरी पायरी: घरात आलेल्या पैशाचा क्रम ठरवणे

पगार किंवा शेतमालाची पट्टी हातात आली की पहिला प्रश्न हा, की यातले दुसऱ्याचे किती. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. घरकामाच्या बाईंचा पगार, दूधवाल्याचे बिल, किराणा दुकानातली उधारी आणि शेतावरच्या मजुरांचे पैसे हे आधी बाजूला निघाले पाहिजेत. दशमांश वेळेवर देणारी, पण धुणेभांडी करणाऱ्या मावशींना ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. जे मुळात त्यांचे आहे, ते आपण वेदीवर कसे ठेवणार?

त्यानंतर अर्पण. करिंथच्या मंडळीला पौलाने सांगितले, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. यात शिकण्यासारखी गोष्ट आहे ती आगाऊ काढून ठेवण्याची. उपासनेला निघताना खिशात हाताला लागेल ती नोट म्हणजे उरलेसुरले अर्पण होय. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एक सुंदर प्रथा आहे: स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेताना गृहिणी त्यातला मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकते, आणि तो साठलेला तांदूळ मंडळीच्या सेवेला जातो. ज्या घरात रोख पैसा क्वचितच दिसतो, त्या घरालाही असे रोजचे अर्पण जमते. दहावा हिस्सा किती जणांनी काटेकोर द्यावा, याचा निवाडा मी इथे करणार नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेला प्रभूने कोणत्या मापाने मोजले, ते आपल्याला माहीत आहे.

रोजची कीर्द दोन मिनिटांची असते. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, खाली शिल्लक. आणि ती शिल्लक पाकिटातल्या व खात्यातल्या रकमेशी आठवड्यातून एकदा पडताळायची. वही नवरा-बायको दोघांनाही उघडता आली पाहिजे. विमा, कर्जाचे हप्ते, कोणाला दिलेले हातउसने पैसे आणि कोणाला राहिलेला जामीन, हे वहीच्या शेवटच्या पानावर असावे. घरातला कर्ता माणूस अचानक गेल्यावर बँकेच्या दारात उभ्या राहिलेल्या किती बायकांना आपल्या नवऱ्याचे खाते कुठल्या शाखेत आहे, हेही ठाऊक नसते.

तिसरी पायरी: वेळ आणि नोकरी

मत्तय २४:४५ मध्ये विश्वासू दासाचे काम एका साध्या वाक्यात सांगितले आहे: धन्याने आपल्या परिवाराला यथाकाळी अन्न देण्यासाठी त्याला नेमले आहे. अन्न चांगले असणे जसे गरजेचे, तसेच ते वेळेवर मिळणेही गरजेचे. म्हणून आपल्या कामाची वाट पाहत बसलेला माणूस कोण, हे रोज सकाळी एकदा मनात आणावे. वह्या तपासून मिळण्याची वाट पाहणारी मुले, पाळी संपल्यावर रुग्णाची माहिती मिळण्यासाठी थांबलेली दुसरी परिचारिका, दाखल्यासाठी तालुक्याला तिसऱ्यांदा आलेला शेतकरी. काम तिथून मोजायला लागले, की हजेरीपटावरची सही पुरेशी वाटेनाशी होते.

इथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायला हवी. नाताळच्या कार्यक्रमपत्रिका कार्यालयाच्या छपाईयंत्रावर काढणे, किंवा नोकरीच्या वेळात मंडळीचे फोन करत बसणे, याला सेवा म्हणता येत नाही. तो कागद आणि तो तास दुसऱ्या मालकाचा आहे, आणि तो आपण अर्पण करू शकत नाही.

चौथी पायरी: उसनी आणि सामाईक वस्तू

दुसऱ्या राजांच्या सहाव्या अध्यायात अलीशाचे शिष्य यार्देनेच्या काठी लाकडे तोडत असताना एकाच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडते, आणि तो कळवळून म्हणतो, की ती तर मागून आणलेली होती. त्याचे दुःख नुकसानीपेक्षा वस्तू दुसऱ्याची असण्याचे आहे. उसनी वस्तू आणताच तिच्यावर चिठ्ठी चिकटवून तारीख आणि नाव लिहावे, परतीचा दिवस स्वतःच सांगावा, आणि मोडली तर मालकाने विचारण्याआधी जाऊन सांगून भरपाई द्यावी. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातला नियम तोच आहे. सामाईक मोटर, सामाईक बांध, इमारतीचा जिना यांनाही हेच लागू होते.

पाचवी पायरी: मंडळीचा पैसा

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथेच चांगली माणसे अडखळतात. पुष्कळांना वाटते, की मंडळीत मोजणी, साक्षीदार आणि पावत्या मागणे म्हणजे भावाभावांमध्ये संशय पेरणे. शास्त्र याच्या अगदी उलट सांगते. योवाश राजाच्या काळात यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजत व थैल्यांत बांधत. यरुशलेमेतल्या गरजू पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करताना पौलानेही तीताला आणि त्याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेल्या एका बंधूला पाठवले, आणि कारणही लिहून ठेवले: या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आपल्यावर दोष ठेवू नये, म्हणून जे प्रभूसमोर चांगले आहे ते माणसांसमोरही चांगले असावे, याची तो काळजी घेत होता. प्रेषिताला जर साक्षीदार लागला, तर आपल्याला तो अपमान का वाटावा?

उपासना संपल्यावर पाळकांच्या खोलीत अर्पणाच्या थैल्या दोन जणांसमोर टेबलावर रिकाम्या कराव्यात. हे दोघे एकाच घरातले नसावेत. नोटा एका तोंडाने लावाव्यात, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती कराव्यात, फाटक्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात पण मोजाव्यात. बंद पाकीट फोडताना त्यातली रक्कम पाकिटावरच लिहावी आणि पाकीट टाकून देऊ नये. पहिल्याने मोजून आकडा न सांगता आपल्या कागदावर लिहावा, मग दुसऱ्याने मोजावे, आणि नंतरच दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. मोजणी पत्रकावर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, सुटे किती, असे मांडून बेरीज अंकी आणि अक्षरी लिहावी व दोघांनी सही करावी. आकडा चुकला तर गिरवून दुरुस्त करू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही असावी.

मोजलेली सगळी रक्कम सोमवारी बँकेत भरावी. सगळी म्हणजे सगळी. पाहुण्या उपदेशकांचे गाडीभाडे किंवा चहावाल्याचे पैसे थैलीतूनच देऊन उरलेली रक्कम भरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि ती हेतू चांगला असूनही वाईट आहे, कारण मग पासबुकातला आकडा कोणत्याच मोजणी पत्रकाशी जुळत नाही. किरकोळ खर्चासाठी पंचांनी ठरवलेली एक छोटी रक्कम, समजा दोन हजार रुपये, वेगळ्या डब्यात असावी. प्रत्येक खर्चाचे व्हाउचर त्याच डब्यात जावे. आणि डब्यातली रोकड व व्हाउचर यांची बेरीज नेहमी दोन हजारच भरावी. ही सोपी युक्ती मला एका निवृत्त पोस्टमास्तरांनी शिकवली, आणि तिने माझे कितीतरी महिनाअखेरचे ताप वाचवले.

पावतीपुस्तकाला अनुक्रमांक आणि कार्बन प्रत हवी, आणि रद्द झालेली पावती फाडून न टाकता ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवावी. मोबाइलवरून अर्पण स्वीकारायचे असेल, तर क्यूआर कोड मंडळीच्या नावाच्या खात्याचाच असावा. खजिनदाराच्या खासगी नंबरवर आलेला रुपया तो मनाने कितीही स्वच्छ असला तरी त्याच्या पैशात मिसळतोच. खात्यातून पैसे काढायला तिघांपैकी दोघांच्या सह्या लागाव्यात. छपराच्या दुरुस्तीसाठी आलेला निधी गरिबांच्या मदतीसाठीही वापरायचा असेल, तर ज्यांनी तो दिला त्यांना आधी विचारावे. दर महिन्याला जमाखर्च पंचांपुढे वाचावा आणि तो पासबुकाशी ताडून दाखवावा. महाराष्ट्रात ज्या मंडळ्यांच्या विश्वस्त संस्था नोंदलेल्या आहेत, त्यांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार हिशेब ठेवून वर्षाच्या शेवटी, सर्वसाधारणपणे ३१ मार्चला, ते बंद करावे लागतात, आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला तसे कळवावे लागते. हे काम ‘सावकाश करू’ म्हणून सोडले, की पुढच्या पिढीला जमिनीच्या आणि इमारतीच्या कज्ज्यांत ते फेडावे लागते.

देणाऱ्यांची नावे वाचावीत का, हा नाजूक प्रश्न आहे. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, असे प्रभू देणाऱ्याला सांगतो. नोंद न ठेवण्याची मुभा तो खजिनदाराला देत नाही. माझ्या मते वहीत नाव असावे, मंडळीपुढे पावती क्रमांक आणि रक्कम यावी. सगळ्यांची नावे वाचू लागलो, की वीस रुपये देणारी आजी पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसते.

सुगीच्या उपकारस्तुतीचा रविवार मात्र वेगळा असतो, आणि त्याची वहीही वेगळी हवी. त्या दिवशी धान्य, भोपळे, कोंबड्या, शेवया असे सारे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. आमच्याकडे एक म्हातारी विधवा दरवर्षी रुमालात बांधून सहा अंडी आणत असे. एका वर्षी एका तरुणाने ती तीनशे रुपयांना घेतली आणि लगेच, “हे परत मंडळीलाच,” असे म्हणून टेबलावर ठेवली. दुसऱ्याने ती दोनशेला घेतली आणि त्यानेही परत दिली. तिसऱ्याने घरी नेली. सहा अंड्यांची तीन वेळा बोली झाली. म्हणून बोलीच्या वहीत वस्तू मोजू नयेत, बोल्या मोजाव्यात: क्रमांक, वस्तू, बोली, घेणाऱ्याचे नाव, रोख की बाकी. उत्साहात लावलेली बोली पुष्कळदा बाकीत राहते, आणि ती बाकी प्रेमाने पण नेमाने, पंधरा दिवसांच्या आत मागावी.

सहावी पायरी: चूक झाली तर

त्याच सुगीच्या रविवारची गोष्ट आहे. पुढे दोन दिवस बँकेला सुटी होती, म्हणून मी रोख चार हजार आठशे पन्नास रुपये घरी नेऊन माझ्या कपाटात ठेवले. मोजणी पत्रक केले नव्हते, घाई होती. रात्री मुलाला ताप चढला, घरात सुटे पैसे नव्हते, आणि मी त्या पुडक्यातून औषधासाठी काही नोटा काढल्या. दुसऱ्या दिवशी आठवणीने परत ठेवल्या. बुधवारी बँकेच्या खिडकीपाशी मोजले, तर चार हजार सातशे भरले. दीडशे रुपयांचा फरक. बोलीची वही नसती, तर तो मलाही कळला नसता.

मी खिशातून दीडशे रुपये घालून भरणा केला आणि गप्प राहिलो. आठ दिवस मला प्रार्थनेत शब्द सुचेनात. नवव्या दिवशी पाळकसाहेबांकडे जाऊन सांगितले. ते रागावले नाहीत; म्हणाले, “भाऊ, पैसे भरलेत ते ठीक. पण जे झालं ते वहीत लिहा. वहीत नसलं, तर तुमच्यामागं कोणी काही म्हटलं तर मी काय दाखवू?” मी त्यांच्यासमोर लिहिले, दोघांनी सह्या केल्या, आणि पुढच्या पंचसभेत ते वाचून दाखवले.

तेव्हापासून मी हा क्रम पाळला आणि दुसऱ्यांनाही तोच सांगतो. फरक आढळताच दुसऱ्या माणसाला बोलावून पुन्हा मोजावे. तरीही फरक राहिला, तर त्याच दिवशी वहीत तूट किंवा वाढ म्हणून नोंद करावी. आठवड्याच्या आत पाळकांना आणि पंचांना सांगावे. पदरचे पैसे घालून आकडा गुपचूप जुळवू नये, कारण त्यामुळे वही खोटी होते आणि मोजणीतली उणीव तशीच राहते. आणि मंडळीचा पैसा एका रात्रीसाठीही स्वतःच्या पैशांशेजारी ठेवावा लागला, तर तो मोहोरबंद पाकिटात, दोघांच्या सहीने ठेवावा. योहान १२:६ मध्ये ज्याच्याजवळ पैशांची डबी होती त्या यहूदाला चोर म्हटले आहे, ते मी त्या आठ दिवसांत किती वेळा वाचले असेल.

सातवी पायरी: कारभार दुसऱ्याच्या हाती देणे

सोपवून देण्याची रीत शिकायची असेल, तर एज्राचा आठवा अध्याय वाचावा. बाबेलहून यरुशलेमेला जाताना, अहवा नदीवरून निघण्यापूर्वी, याजक एज्राने बारा जणांना मंदिराचे द्रव्य तोलून दिले: साडेसहाशे किक्कार चांदी, शंभर किक्कारांची रुपेरी पात्रे, शंभर किक्कार सोने. एक किक्कार तीस-पस्तीस किलोंचा धरला, तर नुसती चांदीच वीस टनांच्या घरात जाते. वाटेत लुटारू होते, आणि एज्राने राजाकडे शिपाई मागितले नव्हते. यरुशलेमेत पोहोचल्यावर ते तीन दिवस थांबले, आणि चौथ्या दिवशी दोन याजक व दोन लेवी यांच्यासमक्ष सर्व काही पुन्हा तोलले गेले, संख्या आणि वजन जुळवले गेले, आणि तिथल्या तिथे लिहून ठेवले गेले. ही माणसे परमेश्वराला पवित्र आहेत, असे एज्रानेच त्यांना सांगितले होते, आणि तरीही दोन्ही टोकांना काटा लावला होता.

आपल्याकडे मुदत संपली, की वह्या पिशवीत घालून ‘घ्या, सगळे आहे यात’ म्हणून देतात. तसे करू नये. शेवटच्या दिवसाचे पासबुक भरून आणावे. रोख मोजून पत्रक करावे. पावतीपुस्तके, कोरी आणि वापरलेली, क्रमांकांसह लिहावीत. मुदतठेवींच्या पावत्या, जमिनीची कागदपत्रे, वीजबिलाचे ग्राहक क्रमांक, येणी आणि देणी यांची यादी करावी. बँकेत सह्या आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्यावा, कारण नंबर जुन्या खजिनदाराचा राहिला तर नव्याला प्रत्येक व्यवहाराला त्याच्या दारी जावे लागते. यादीच्या दोन प्रती कराव्यात आणि दोघांसह पाळकांनीही दोन्हींवर सही करावी.

मी कारभार सोपवला तेव्हा नवी खजिनदार आमच्या मंडळीतली एक तरुण शिक्षिका होती. तिने यादीतली एकेक ओळ वाचून समोरच्या वस्तूवर बोट ठेवले. शेवटी किल्ल्यांचा जुडगा उचलून तिने विचारले, “काका, यादीत पाच किल्ल्या आहेत, इथं सहा आहेत. ही सहावी कशाची?” मला सांगता येईना. बारा वर्षे ती माझ्याजवळ होती. मग आम्ही दोघांनी उठून कपाट, ड्रॉवर, ध्वनिक्षेपकाची पेटी असे प्रत्येक कुलूप लावून पाहिले, आणि ती निघाली दाराजवळच्या जुन्या, कोणी न वापरणाऱ्या दानपेटीची. पेटी उघडली, आत धूळ होती आणि पाच रुपयांचे एक नाणे. तिने त्याची पावती फाडली, किल्लीला चिठ्ठी बांधली, यादीत सहावी ओळ लिहिली, आणि मग आम्ही सह्या केल्या.